हरकती मागवल्या, पण निर्णय अजून बदलू शकतो का?

शहराचा हवामान कृती आराखडा तयार झाला आहे, नागरिकांनी महिनाभरात हरकती आणि सूचना पाठवाव्यात, अशी नोटीस निघते. सोबत दोन-अडीचशे पानांचा मसुदा असतो. त्यात नकाशे, तक्ते, टनांमधले आकडे आणि २०५० सालापर्यंतची उद्दिष्टं भरलेली असतात. वाचायला घेतलेला माणूस दहाव्या पानाशी थबकतो. आपल्या घरासमोरच्या रस्त्याचं, दर पावसात तुंबणाऱ्या नाल्याचं, बसथांब्यावरच्या सावलीचं यात काय होणार आहे, ते त्याला सापडत नाही. मुदत संपते, आराखडा मंजूर होतो आणि त्याच्या प्रस्तावनेत 'लोकसहभागातून तयार झालेला' हे शब्द छापले जातात.

जगभरची शहरं आणि गावं असे आराखडे करू लागली आहेत. पण लोकसहभाग म्हणजे नेमकं काय, तो खरा कधी आणि नावापुरता कधी, त्याने आराखडा सुधारतो की नुसता लांबतो, हे सोपं करून क्वचितच सांगितलं जातं. या लेखात तोच प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगायला हवं. सभेला किती माणसं आली यावरून सहभागाची किंमत ठरत नाही. लोकांना विचारलं कधी आणि त्यांच्या म्हणण्याला उत्तर कोणी दिलं, यावर ती ठरते.

आराखड्यात असतं काय

हवामान बदलाला तोंड देण्याचे दोन भाग आहेत. हवा तापवणारे वायू कमी सोडणं हा पहिला भाग; त्याला शमन म्हणतात. जे बदल आता टळणार नाहीत त्यांच्यासाठी वस्ती सज्ज करणं हा दुसरा. त्याला अनुकूलन म्हणतात. बस वाढवणं, कचऱ्यातून सुटणारा मिथेन रोखणं, कमी वीज लागेल अशी घरं बांधायला लावणं हे पहिल्यात येतं. पावसाचं पाणी मुरायला जागा ठेवणं, सावली वाढवणं, वादळाचा इशारा घरोघरी पोचवणं हे दुसऱ्यात.

यात शहरांवर एवढा भर का, याचं उत्तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या २०२२ च्या अहवालात आहे. २०२० साली जगात सोडल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनपैकी ६७ ते ७२ टक्क्यांचं मूळ शहरांमधल्या वापरात होतं.

मात्र शहराच्या प्रशासनाच्या हातात सगळं नसतं. रस्ते, गटारं, झाडं, कचरा, बांधकाम परवानग्या आणि बऱ्याच ठिकाणी बससेवा ही त्याची क्षेत्रं. वीज कोळशावर करायची की वाऱ्यावर, इंधनावर कर किती लावायचा, हे सहसा वरच्या सरकारांकडे असतं. मसुदा वाचताना गोंधळ होतो तो इथेच. जे करणं शहराच्या अधिकारातच नाही, अशी मोठमोठी आश्वासनं त्यात असतात आणि जे उद्या सकाळी करता येईल, ते मोघम भाषेत लिहिलेलं असतं. म्हणून प्रत्येक आश्वासनापुढे 'हे करण्याचा अधिकार कोणाचा?' हा प्रश्न लावून पाहावा. निम्मा मसुदा आपोआप हलका होतो.

आता मुद्द्याकडे. गाड्या उभ्या करायची जागा काढून तिथे सायकलमार्ग केला तर किती टन वायू वाचेल, हे अभियंता सांगू शकतो. पण ती जागा कोणाच्या दारापुढची जाणार, मालाची गाडी कुठे थांबणार, ज्याला चालता येत नाही त्याने उतरायचं कुठे, हे त्याच्या गणितात नसतं. नदीच्या एका काठाला भिंत बांधली तर तिथलं पाणी अडतं, पण पलीकडच्या काठावर ते चढू शकतं. 'किती' हा प्रश्न तज्ज्ञांचा आहे. 'कोणाचं' हा प्रश्न सगळ्यांचा आहे, आणि हवामान आराखड्यातली जवळपास प्रत्येक ओळ या दुसऱ्या प्रश्नाला येऊन भिडते.

तज्ज्ञ असताना सामान्य माणसाला का विचारायचं?

कारण काही माहिती मोजमापात येतच नाही. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आहे.

नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने तिथे किमान ३ लाख बळी घेतले. त्यानंतर १९७२ मध्ये चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. गावातलेच स्वयंसेवक भोंगे आणि झेंडे घेऊन इशारा गावभर पोचवणार, अशी त्याची रचना होती. तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. इशारा देणारे पुरुष, ऐकणारे बहुतेक पुरुष, सांगण्याची जागा बाजार किंवा चौक. घरातल्या बाईपर्यंत तो उशिरा पोचायचा. अनोळखी पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात जायला बायका कचरत. लहान मुलं आणि गुरं मागे टाकून निघणं त्यांना जमत नसे. उपग्रहाच्या छायाचित्रात यातलं काहीच दिसत नाही. गावातल्या कोणत्याही बाईला मात्र ते ठाऊक होतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपण म्हणतो ते याचसाठी.

आज या कार्यक्रमात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. मे २०२० मध्ये अम्फान वादळ येण्याआधी बांगलादेशात २० लाखांहून अधिक लोकांना हलवलं गेलं आणि तिथल्या मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. याचं सगळं श्रेय स्वयंसेवकांना देणं बरोबर नाही. निवारे वाढले, अंदाज अचूक झाले, बंधारे झाले. पण अचूक अंदाज आणि रिकामं झालेलं घर यांच्यामध्ये एक माणूस लागतो, आणि तो दारातून आत जाऊ शकणारा असावा लागतो.

शिकागोत जुलै १९९५ मधल्या उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसं दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण मोठं होतं. शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांत तापमान सारखंच, पण मृत्यूंचं प्रमाण फार वेगळं, असंही तिथे आढळलं. जिथे रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, शेजाऱ्यांची ये-जा होती, तिथली म्हातारी माणसं जास्त संख्येने वाचली. उष्णतेचा आराखडा फक्त तापमानाच्या नकाशावर बेतला असता, तर या दोन्ही वस्त्यांना एकच रंग मिळाला असता.

विचारण्याच्या पायऱ्या

'विचारलं' या एका शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी खपून जातात. नियोजनक्षेत्रात काम केलेल्या अमेरिकेच्या शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये एका लेखात त्यांची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. ती आजही वापरली जाते. सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांची फक्त समजूत काढली जाते. सभा होते, पण ठरलेलं काही हलत नाही. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती मिळते, मत विचारलं जातं, फार तर एखाद्या समितीत जागा मिळते; पण त्या मताचं काय करायचं हे विचारणाराच ठरवतो. वरच्या तीन पायऱ्यांवर अधिकार वाटला जातो. आधी भागीदारी, मग काही निर्णय थेट लोकांच्या हाती, आणि शेवटी पूर्ण नियंत्रण.

हरकती-सूचनांची नोटीस मधल्या पायऱ्यांवर बसते. ती वाईट नाही, पण तिची मर्यादा ओळखायला हवी. नोटिशीला उत्तर देतात ते लिहिता-वाचता येणारे, मोकळा वेळ असलेले आणि चिडलेले लोक. बाकीचे गप्प राहतात आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ संमती असा लावला जातो.

प्रत्येक बाबतीत सर्वांत वरची पायरीच गाठली पाहिजे, असं मला वाटत नाही. गटाराचा व्यास किती असावा यावर मतदान घेऊ नये. पण विचारणाऱ्याने आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे आधी सांगितलं पाहिजे. माहिती द्यायला बोलावलं असेल तर तसं म्हणावं. लोक तेवढ्यासाठीही येतात. मत मागून ते बाजूला ठेवलं की पुढच्या वेळी कोणी येत नाही.

सोडत काढून निवडलेली सभा

गेल्या दहा वर्षांत या विषयात सर्वांत जास्त चर्चा झाली ती 'नागरिक सभे'ची. त्यात काही डझन ते शे-दीडशे सामान्य नागरिक सोडतीने निवडतात, त्यांना विषय समजावून देतात, आपसांत बोलू देतात आणि मग त्यांच्याकडून शिफारशी घेतात.

पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात जुलै २०१६ मध्ये प्रचंड पाऊस पडला आणि शहर पाण्याखाली गेलं. असा पाऊस पुन्हा आला तर शहराने काय करावं, हा प्रश्न घेऊन तिथे नागरिक सभा बसवली. सभेत साठच्या आसपास माणसं होती. स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, राहण्याचा भाग यांचं प्रमाण शहरातल्या प्रमाणाशी जुळेल अशी निवड केली होती. हे जुळवणं फार महत्त्वाचं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण पातेल्याच्या एकाच कडेचं शीत उचललं तर फसगत होते. नुसती सोडत काढून थांबलं, तर आमंत्रणाला होकार देणारे सुशिक्षित आणि मोकळ्या वेळाचेच लोक हाती लागतात. म्हणून होकार देणाऱ्यांमधून पुन्हा प्रमाण राखून निवड करतात. अशा सभांमध्ये सहसा मानधन देतात, आणि काही ठिकाणी मुलं सांभाळायची सोयही करतात. रोजंदारीवरचा माणूस एरवी शनिवार-रविवार सोडून येणार कसा?

सभेचे टप्पे साधे असतात. आधी ऐकणं: जलतज्ज्ञ, अधिकारी, पर्यावरणवाले, उद्योगवाले असे परस्परविरोधी बोलणारे लोक समोर येतात आणि नागरिक त्यांना प्रश्न विचारतात. मग छोट्या गटांमध्ये चर्चा. तिथे एक संचालक असतो आणि मोठ्या आवाजाच्या माणसाने सगळा वेळ खाऊ नये हे बघणं त्याचं काम. शेवटी मतदान.

ग्दान्स्कची खरी गोष्ट मात्र सभेच्या आधी घडली होती. सभेतल्या ८० टक्के लोकांनी मान्य केलेली प्रत्येक शिफारस मी अमलात आणेन, असं महापौर पावेल अदामोविच यांनी आधीच जाहीर केलं होतं. त्या एका वाक्याने सभेचा स्वभाव बदलतो. आपलं मत खरंच लागू होणार आहे हे कळलेला माणूस जबाबदारीने बोलतो. खर्च विचारतो. समोरच्याला पटवायचा प्रयत्न करतो, कारण ८० टक्के गाठायचे तर विरोधकही सोबत लागतात. पुढे त्या शहराने हवेच्या प्रदूषणावरही अशीच सभा घेतली.

'एवढं किचकट लोकांना समजतं का?'

ही शंका स्वाभाविक आहे आणि तिचं उत्तर अनुभवातूनच मिळतं. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहराने २०१९ मध्ये सुमारे ५० रहिवाशांची हवामान सभा घेतली. देशाचं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढे वायू सोडले जातात तेवढेच शोषले जावेत असं, उद्दिष्ट २०५० चं होतं. सभेतल्या जवळपास ९० टक्के लोकांनी सांगितलं, आपल्या शहराने ते त्याआधीच गाठायला हवं. लोकांना त्रास नको असतो, म्हणून ते नेहमी मवाळ मार्ग निवडतात, हा समज अशा ठिकाणी टिकत नाही.

फ्रान्समधला प्रयोग देशपातळीवरचा होता, पण त्यातला धडा गावालाही लागू पडतो. इंधनावरच्या कराविरुद्ध २०१८ मध्ये तिथे मोठं आंदोलन पेटलं. त्यानंतर सोडतीने निवडलेल्या १५० नागरिकांनी ऑक्टोबर २०१९ ते जून २०२० या काळात बसून १४९ प्रस्ताव तयार केले. महामार्गावरची वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटरवरून ११० वर आणावी, असाही एक प्रस्ताव होता. ज्यांना स्वतःलाच गाडी हळू चालवावी लागणार होती, त्यांनीच तो मांडला. पण बाहेरच्या जनतेला तो अजिबात रुचला नाही.

सोडतीच्या सभांची खरी अडचण इथे आहे, आणि समर्थकांनी ती झाकू नये. आत बसलेल्या दीडशे लोकांनी महिनोन्‌महिने ऐकलं, प्रश्न विचारले, मतं बदलली. बाहेरच्या कोट्यवधींनी फक्त निकाल ऐकला. सभेत जे शिकवलं गेलं ते सगळ्यांना पाहायला मिळालं पाहिजे, त्यावर बाहेर वाद झाला पाहिजे. नाहीतर तज्ज्ञांच्या बंद खोलीशेजारी नागरिकांची आणखी एक बंद खोली उभी राहते.

'मग प्रतिनिधी कशाला निवडून दिले?'

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. निवडून आलेल्याला पुढच्या निवडणुकीत घरी बसवता येतं. सोडतीत नाव निघालेल्याला जाब विचारता येत नाही. म्हणून अंतिम निर्णय निवडून आलेल्यांकडेच राहावा, असं मीही म्हणेन. पण हवामानाच्या कामात निवडणुकीची एक उणीव उघडी पडते. आज लावलेल्या झाडाची सावली चार-पाच वर्षांच्या मुदतीत पडत नाही; आज काढलेल्या पार्किंगचा राग मात्र लगेच येतो. सोडतीने आलेल्या नागरिकाला पुन्हा निवडून यायचं नसतं, त्यामुळे तो लांबचं बोलू शकतो. त्याने सुचवावं, प्रतिनिधीने ठरवावं, आणि सूचना नाकारली तर कारण लेखी द्यावं. या तिसऱ्या गोष्टीवाचून पहिल्या दोन पोकळ राहतात.

फ्रान्समध्ये नेमकं तिथेच बिनसलं. प्रस्ताव 'न गाळता' पुढे नेऊ, असं राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी म्हटलं होतं. नंतर काही प्रस्ताव त्यांनी नाकारले, वेगमर्यादेचाही, आणि बरेच कायद्यात येईपर्यंत पातळ झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच नागरिकांनी एकत्र येऊन सरकारच्या प्रतिसादाला १० पैकी सरासरी ३.३ गुण दिले. नाकारण्याचा अधिकार सरकारला होताच. आधी दिलेला शब्द मात्र फार मोठा होता.

थेट सार्वमत घ्यावं, असंही काहीजण सुचवतात. मार्च २०२३ मध्ये बर्लिनमध्ये २०३० पर्यंत शहर हवामान-तटस्थ, म्हणजे जवळपास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, करण्यासाठी सार्वमत झालं. मत देणाऱ्यांत 'हो' म्हणणारे थोडे जास्त निघाले, पण एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांचा होकार हवा ही अट पुरी झाली नाही आणि प्रस्ताव पडला. सार्वमतात प्रश्न 'हो' किंवा 'नाही' एवढाच असतो. 'हो, पण आमच्या भागात आधी बस द्या' असं मत तिथे देता येत नाही, आणि स्थानिक हवामान धोरणात बहुतेकांचं खरं मत असंच असतं.

'एवढा वेळ कुठे आहे?'

तापमान वाढतंय, पूर येतायत, आणि तुम्ही सभा घेत बसणार? ही घाई मला समजते. हवामानाच्या बाबतीत ती खोटीही नाही. पण विचारणं टाळून वेळ वाचतो का, हे तपासून पाहू.

बार्सिलोनाने २०१६ मध्ये पोब्लेनोऊ भागातल्या काही रस्त्यांवरची मोटारींची ये-जा एका झटक्यात आवळली, जेणेकरून मधली जागा चालणाऱ्यांना मोकळी व्हावी. कल्पना चांगली होती. रहिवाशांना मात्र आपल्याशी पुरेसं बोललं गेलं नाही असं वाटलं आणि निदर्शनं झाली. नंतर बाकं, झाडं, खेळायच्या जागा आल्या तसा विरोध निवळत गेला. ते बोलणं आधी झालं असतं तर पुढच्या रस्त्यांसाठी विरोधकांची फळी उभी राहायला एवढं बळ मिळालं नसतं, असं मला वाटतं.

न्यूयॉर्कची गोष्ट जास्त वेदनादायक आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने मॅनहॅटनच्या पूर्व काठावरच्या वस्तीत पाणी शिरलं. तिथे सार्वजनिक घरांत राहणारी, कमी उत्पन्नाची हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्यासोबत बैठका घेऊन काठावरच्या उद्यानाच्या संरक्षणाचा आराखडा काही वर्षं आकार घेत होता: रस्त्याच्या बाजूला मातीचा उंच बांध, आणि नदीच्या बाजूचं उद्यान अधूनमधून पाणी सोसेल असं. २०१८ मध्ये प्रशासनाने तो बाजूला ठेवला आणि अख्खं उद्यानच सुमारे ८ फूट भराव घालून उचलायचं ठरवलं. त्यासाठी जवळपास हजार झाडं जाणार होती. नव्या आराखड्यामागे कारणं होती. काम लवकर होईल आणि शेजारचा वाहता रस्ता रात्री बंद ठेवावा लागणार नाही, असं सांगितलं गेलं. पण ती कारणं लोकांसमोर आली तोवर ठरवून झालं होतं. निदर्शनं झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. पुरापासून संरक्षण सगळ्यांनाच हवं होतं, आणि तरीही शेजारी शेजाऱ्याविरुद्ध उभा राहिला. एक गट म्हणत होता, काहीही करा पण भिंत लवकर उभी करा. दुसरा म्हणत होता, आमची इतकी वर्षं कुठे गेली?

युरोपातल्या देशांनी १९९८ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात केलेला करार याच जागी बोट ठेवतो. पर्यावरणाच्या निर्णयांत लोकांना लवकर, सगळे पर्याय खुले असताना सहभागी करून घ्यावं, आणि निर्णय देताना त्यांचं म्हणणं विचारात घ्यावं, असं त्यात लिहिलं आहे. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या देशांचा २०१८ चा एस्काझू करारही याच वाटेवरचा. 'सगळे पर्याय खुले असताना' हे चार शब्द मला अख्ख्या विषयाचा गाभा वाटतात. निविदा निघाल्यावर घेतलेली सभा कितीही मोठी असो, या कसोटीला उतरत नाही.

पैसा आणि मालकी हाती आली की

डेन्मार्कच्या साम्सो बेटावर सुमारे ४ हजार माणसं राहतात. १९९७ मध्ये या बेटाने दहा वर्षांत अपारंपरिक ऊर्जेवर स्वावलंबी होण्याची सरकारी स्पर्धा जिंकली, आणि तेवढ्याच काळात ते साधून दाखवलं. जमिनीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि समुद्रात १०. त्यांत स्थानिक शेतकऱ्यांची, रहिवाशांच्या सहकारी गटांची आणि नगरपालिकेचीही मालकी होती. आवाज करणारी, दृश्य बिघडवणारी चक्की शेजारी नको असते. आपला हिस्सा असलेली चक्की फिरताना बघायला माणूस थांबतो.

कोपनहेगनजवळच्या समुद्रातला मिडलग्रुंडेन प्रकल्पही सांगण्यासारखा आहे. आधी २७ पवनचक्क्या तीन रांगांत उभ्या करायचं ठरलं होतं. लोकांचं म्हणणं ऐकल्यावर त्या २० झाल्या आणि किंचित वळणाच्या एका रेषेत आल्या. प्रकल्पाची निम्मी मालकी एका सहकारी संस्थेकडे गेली. तिचे ८ हजारांहून जास्त सभासद झाले. इथे हरकतीने आराखडा खरोखर बदलला, आणि प्रकल्प बुडाला नाही.

शहराच्या खर्चाचा काही भाग लोकांनीच ठरवायचा, या पद्धतीला सहभागी अंदाजपत्रक म्हणतात. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ मध्ये ती सुरू झाली आणि गरीब वस्त्यांतल्या पाणी-गटारांकडे पैसा वळला. पुढे सत्ता बदलत गेली तशी ती तिथे क्षीण होत गेली. मे २०२४ मध्ये हेच शहर विक्रमी पुरात बुडालं, तेव्हा पंप आणि पूरदरवाज्यांची देखभाल नीट नव्हती हे उघड झालं. या दोन गोष्टी कारण आणि परिणाम म्हणून जोडणं चुकीचं ठरेल. पण त्यातून एक सावधगिरी घ्यावीशी वाटते. लोकांना निवडायला दिलं की नवी बाग निवडली जाते. जुन्या पंपाला तेलपाणी करायचं मत सहसा कोणी देत नाही. देखभालीचा पैसा मतांवर सोडू नये, आणि ती झाली का हे तपासायचा अधिकार मात्र लोकांना द्यावा.

सभेत कोण नसतं?

प्रत्येक सभेत रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात. भाडेकरू नसतात, स्थलांतरित मजूर नसतात, शाळकरी मुलं नसतात. आणि ज्यांचं घर कागदावरच नाही ते तर मुळीच नसतात. पूर आणि उष्णता सर्वांत आधी त्यांच्याच घरात शिरते.

नैरोबीतल्या मुकुरु या झोपडवस्तीत १ लाखाहून जास्त कुटुंबं राहतात. २०१७ मध्ये स्थानिक प्रशासनाने तिला विशेष नियोजन क्षेत्र ठरवलं. एवढ्या लोकांना कोणत्याही सभागृहात बसवणं अशक्य होतं. म्हणून दहा-दहा घरांचे गट केले, गटांनी प्रतिनिधी दिले, आणि रस्ते, पाणी, सांडपाणी, पुराचे मार्ग यांची माहिती वस्तीतूनच गोळा होत वर गेली. वेळ लागला. पण पाणी कुठल्या बोळातून वाहतं आणि रस्ता रुंद करताना कोणाचं घर जाईल, हे दोन्ही एकाच कागदावर आलं, तेही तिथे राहणाऱ्यांकडून.

नोटीस हातात आली तर

अडीचशे पानं वाचायची गरज नाही. आपल्या भागाचा नकाशा, खर्चाचा तक्ता आणि 'अंमलबजावणी' नावाचं प्रकरण, एवढं आधी पाहा. तक्त्यात ज्या कामासमोर रक्कम, वर्ष आणि विभागाचं नाव नाही, ते काम सध्या फक्त इच्छा आहे असं समजा आणि हरकतीत तेच विचारा.

हरकत लिहिताना पानाचा आणि मुद्द्याचा क्रमांक द्या, एका मुद्द्याला एक परिच्छेद ठेवा. 'झाडं वाचवा' या सूचनेला 'नोंद घेतली' असं उत्तर मिळतं. 'अमुक पानावरच्या रस्त्यालगतची झाडं रुंदीकरणात जाणार आहेत की राहणार, आणि जाणार असतील तर दुपारच्या सावलीची पर्यायी सोय कोणत्या वर्षी?' याला तसं उत्तर देता येत नाही. शेजारच्या ज्या घरातून कोणी लिहिणार नाही, त्यांच्याकडे जाऊन विचारा आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाने, त्यांच्या परवानगीने जोडा.

आणि एक मागणी प्रत्येक अर्जात असू द्या: आलेल्या सर्व हरकती, त्यांवरचा निर्णय आणि कारण हे एकत्र प्रसिद्ध करावं. ब्रसेल्समध्ये २०२३ पासून सोडतीने निवडलेल्या १०० नागरिकांची कायमस्वरूपी हवामान सभा काम करते. तिच्या शिफारशींचं काय झालं याचं उत्तर सरकारने तिला द्यायचं असतं, आणि पाठपुरावा करायला सभेतलेच काही सदस्य मागे राहतात. आपल्याकडे अशी सभा नसली तरी पाठपुरावा करता येतो. हरकत दिल्याची पोच आणि तिचा क्रमांक जपून ठेवा, आणि मंजूर आराखडा आला की त्याच पानावर जाऊन काय बदललं ते पाहा. काहीच बदललं नसेल आणि कारणही दिलं नसेल, तर पुढचा अर्ज त्या कारणासाठी करा.